तोंड नसलेलं घोंगडं

आमच्या पेंटरमामांना काहीही काढायला सांगा, चित्रात घोंगडं येणार म्हणजे येणारच. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, बैलजोडी काढली, तर बैलांच्या मागे घोंगडं. शाळेच्या भिंतीवर चंद्रावर उतरलेलं यान काढलं, तर यानाच्या शिडीशी घोंगडं. टाकलेलं, पडलेलं नव्हे हं! माणसाने खोळ करून डोक्यावरून घ्यावं तसं ताठ उभं, आणि आत कोणीच नाही. तोंडाच्या जागी नुसता काळोख. शाळेत असताना मी त्या भिंतीकडे पाठ करून डबा खायचो.

आमच्या मांडवगणात सगळे हसायचे, पण काम मामांनाच द्यायचे, कारण हातच तसा होता. कासुर्डीच्या एका ढाबेवाल्याने हौसेने भिंत रंगवून घेतली. मामांनी नदी काढली, पाण्यावर टेबल मांडलं, ताटात टम्म फुगलेली भाकरी वाढली आणि जेवायला कोण बसवलं? घोंगडं! ढाबेवाल्याने कपाळाला हात लावला. "अवो पेंटर, गिऱ्हाईक पळंल माझं! निदान तोंड तरी काढा की त्याला."

मामा ब्रश धूत म्हणाले, "तोंड काढलं की फोटो हुतो. आन् फोटो झाला की हार आला."

पुढे त्या ढाब्यावर पुण्याच्या एक चित्रकलेच्या बाई थांबल्या आणि भिंतीसमोरून हलेचनात. 'अतिवास्तववादी' असं काहीसं म्हणाल्या. मामांनी मला हळूच विचारलं, "म्हंजी चांगलं म्हणल्या का वंगाळ?"

त्या हाराचं कोडं मला आईने उलगडून सांगितलं. आजोबा मेंढरं घेऊन घाटाखाली गेले तेव्हा मामा रांगत होते आणि आई पोटात होती. मेंढरं परत आली, आजोबा आले नाहीत. सकाळी उठून बघितलं तर घोंगडं जागेवर होतं, माणूस नव्हता, एवढंच सोबतच्यांनी सांगितलं. आजोबांचा फोटो कधी निघालाच नव्हता. आजी मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायची. कुणी काही बोललं तर म्हणायची, "येत्याल की. मेंढरामागं गेल्यालं माणूस, उशीर व्हायचाच." अशा घरात भिंतीवर आजोबांचं चित्र लागलं असतं, तर कुणीतरी शहाण्याने हार घातलाच असता. म्हणून मामा जन्मभर तोंड टाळत राहिले. त्यांच्या चित्रांत बाप मेलाही नाही आणि घरीही आला नाही.

गेल्या वर्षी आजी गेली. मी सणसवाडीहून पोचलो तर दारात भावकीचा वाद पेटलेला. हिला न्यायची ती सवाष्ण म्हणून, का विधवा म्हणून? मामांहून धाकटा एक चुलतभाऊ म्हणाला, "एवढ्या सालात आला न्हाई, म्हंजी गेलाच की तो." कधी आवाज न चढवणारे मामा कडाडले, "कुणी मढं बघितलंय का त्याचं? न्हाई ना? मंग हिरवं लुगडं आणा!"

आजी मळवट भरून, हिरवा चुडा लेऊन गेली. मला रडू आवरत नव्हतं आणि मामांचा अभिमानही वाटत होता.

तेराव्यानंतर मामांनी प्लायवूडचा मोठा तुकडा भिंतीला टेकवला. म्हणाले, "आता कुणाला जपायचं? आता बापाला तोंड काढतो." घोंगडं एका दमात झालं. मी चहा घेऊन गेलो, तर ब्रश हातात तसाच आणि रंग वाळून गेलेला.

"काय झालं, मामा? थांबलात का?"

ते वळले. एवढा भेदरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"नाक कसं हुतं रं त्याचं? मिशा हुत्या का?"

मी चहाचा कप खाली टेकवला.

"आईला कवा इचारलंच न्हाई," मामा म्हणाले. "वाटायचं, इचारलं तर तिला कळंल, त्यो मेला आसं म्या धरलंय." मग त्यांनी वाळलेला ब्रश त्या काळ्या जागेखाली ठेवून दिला. "त्याचं तोंड ठावं असल्यालं एकच माणूस उरलं हुतं, भाच्या. त्याला म्याच अग्नी दिला."