चिठ्ठ्या नसलेल्या दोन बरण्या

“हात लावा, मग बोला.” चिमूटभर माती मुलींपुढे धरून त्या एवढंच म्हणायच्या.

भाईंदरच्या आमच्या शाळेत नववीच्या दोन तुकड्या. अ तुकडीला भूगोल मी शिकवायचे, ब तुकडीला त्या बाई. मी दादरहून इकडे राहायला आलेली, एम. ए. झालेली. ‘फरक स्पष्ट करा’ आलं की फळ्यावर मधोमध रेघ मारायची आणि दोन रकाने भरायचे, डोंगरउतारावरची माती आणि खाडीकाठची माती. त्या जवळच्याच राई गावच्या, शेतकरी घरातल्या. वर्गात नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या काचेच्या दोन बरण्याच घेऊन यायच्या. एकीत काशीगावच्या डोंगरावरची माती, दुसरीत त्यांच्या शेतातली, खाडीलगतची. वाळवून चाळलेल्या त्या दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्याच. पण एक बोटांत कचकचायची, दुसरी पिठासारखी आणि थेंबभर पाण्यात चिकट. माझ्या मुली खिडकीतून माना लांब करून बघायच्या. एकीनं तर मला विचारलंच, “बाई, आपण माती कधी करणार?” माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शाळा तपासणीला साहेब यायचे होते, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. हो, मीच.

त्यांचा तास बघायला साहेबांबरोबर मीही मागे बसले. बाईंनी पहिलं झाकण उघडलं, चिमूट चोळली आणि चिठ्ठीकडे बघितलं. मग दोन्ही चिठ्ठ्या सोलून पर्समध्ये टाकल्या. “आज वाचायचं न्हाय. हात लावा, मग बोला.” एकूण एक मुलीनं बरोबर ओळखलं. साहेब खूश. माझ्या पोटात दुखलं ते लाजेनं नाही, त्यांचा तास पुन्हा रंगला म्हणून. लाज नंतर वाटली, डब्यातली सुकट त्यांनी रोजच्यासारखी माझ्या ताटलीत वाढली तेव्हा.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्या बरण्या माझ्या हातात दिल्या.

“चिठ्ठ्या तुम्हीच लावा, बाई,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी त्या गेल्या. आता दोन्ही तुकड्या माझ्याकडेच आहेत. राईच्या मातीची बरणी तळाला आली म्हणून मी माती आणायला गेले, तर त्यांच्या शेतावर सात मजले उभे. चिठ्ठ्या मी अजून लावलेल्या नाहीत. तास संपला की मुलींच्या तळहातांवरची माती कणन्‌कण बरणीत परत झाडून घेते.