समुद्राचा ताप

माझी बायको गेली त्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी गच्चीवरचे पापड पावसातून उचलले होते. मराठवाडा सोडून आम्ही चेन्नईजवळच्या आवडी गावात राहत होतो; तिसरा म्हणजे तिथला आमचा खालच्या मजल्यावरचा शेजारी, तंजावरी मराठी माणूस. आभाळाकडे हा कधी बघायचा नाही, मोबाइलवर समुद्राचे रंगीत नकाशे बघायचा.

"पॅसिफिक तापलाय, अण्णा. असं झालं की बहुधा तुमच्या मराठवाड्यात पाऊस कमी पडतो आणि नंतर आमच्या चेन्नईत जास्त."

"कुठं आहे तो समुद्र?" बायकोनं विचारलं.

"पृथ्वीच्या पलीकडे, अक्का."

"आणि तिथून त्याला माझेच पापड दिसले होय!"

तो हसला नाही. वारे कसे फिरतात ते समजावत बसला. मी चौथी शिकलेला. मला त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेल्याचा राग यायचा.

दुपारी तिचं हृदय बंद पडलं. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळी स्मशानात हाच माझ्यामागे उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घेऊन आम्ही समुद्रावर गेलो. हा वाळूतच थांबला. उभा जन्म चेन्नईत गेला, पण पाण्यात कधी पाय घातला नाही. लाटांना भितो म्हणे. इकडे पाण्यापाशी माझंही पाऊल उचलेना. तेव्हा त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझा दंड धरला आणि मला घेऊन पाण्यात शिरला.

"तापलाय का रे?" मी विचारलं.

"मला काही कळत नाही, अण्णा. नुसती भीती वाटतेय. तुम्ही सोडा अक्काला. मी तुम्हाला धरलंय."