ओट्याची तुटलेली कड

गणपतीला आठ दिवस राहिले असताना मी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर नारळ आपटला आणि काळ्या ग्रॅनाईटचा करंजीएवढा तुकडा माझ्या पायाशी पडला. नारळ जसाच्या तसा होता, त्याला साधी चीरही गेली नव्हती.

नारळ फोडायला आमच्या मागच्या दारी जांभ्याचा दगड आहे. ओट्यावर नारळ फोडायचा नाही, हा मोठ्या जाऊबाईंचा नियम. पण पाऊस असा मुसळधार की एका नारळासाठी छत्री उघडायचा मला कंटाळा आला. आळस, दुसरं काय!

हा ओटा जाऊबाईंनीच घालून दिलेला. त्या मुंबईला नोकरीत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीच्या या घरातला जुना, डगमगता ओटा काढून तिथे हा चकचकीत काळा दगड बसवून घेतला. त्या आणि मोठे दीर गणपतीला दहा दिवस येतात, बाकी वर्षभर स्वयंपाकघरात मी एकटीच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती. तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "धसमुसळीच आहेस गं!" हसून म्हणाल्या हे खरं, पण माझ्या मनातून ते कधी गेलं नाही.

त्यात गेल्या वर्षी एक वेगळंच झालं. मुंबईला परतताना मोठे दीर सहज म्हणाले, "मागच्या पडवीत एक छोटा ओटा घालू या. दोघींना मोकळं होईल." जाऊबाई खाली मान घालून बॅगेची चेन लावत होत्या. एका घरात दोन ओटे म्हणजे दोन चुलीच की! माझं काय चुकलं ते मला कळेना. त्यानंतर वर्षभर त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ओटा बरा आहे ना?" माझी तब्येत नंतर. मला रागही यायचा आणि रडूही यायचं. आता तर मी खरोखरच कड फोडून बसले होते. त्यांनी पाहिलं की पडवीतला ओटा पक्का, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले तर दुकानदाराने माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. एक बोटाएवढी नळी, क्षणात चिकटणारी. दुसरी दोन नळ्यांची जोडी, दोन्हींतलं सारखं घेऊन कालवायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. तिसरा दगडात भरायच्या लांबीचा, म्हणजे पुटीचा डबा, त्यात घट्ट करणारा हार्डनर वाटाण्याएवढा घालायचा, जास्त पडला तर सगळं फुकट. "यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "तिन्ही चांगली." आता यावर माणसाने काय करावं? घरी यांना विचारलं तर म्हणाले, "पांढरं सिमेंट भर." काळ्या दगडात पांढरं सिमेंट! यांचा सल्ला मी पुन्हा घेतला नाही.

आधी क्षणात चिकटणारी नळी आणली. खरंच क्षणात चिकटलं, माझी दोन बोटंसुद्धा. संध्याकाळी तांदूळ धुताना तुकडा पातेल्यात पडला. मग दोन नळ्यांचं आणलं, चमच्याने मोजून कालवलं, चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवलं. सकाळी फडका फिरवला तर तुकडा फडक्याबरोबर माझ्या हातात. प्रमाण चुकलं, पावसाळी हवा बाधली की माझा हातच वाईट? काही केल्या उलगडा होईना. धसमुसळी ती धसमुसळीच, असं मीच स्वतःला म्हणाले आणि फडका आपटला.

दारावर मासे घेऊन येणारी बाई म्हणाली, "मिरकरवाड्याला होड्यांचा फायबर सांधतात, त्यांका इचारा. त्यांचा चिकट समुद्रातपन सुटत नाय." मी तुकडा रुमालात बांधला आणि निघाले.

तिथे एक म्हातारेसे गृहस्थ उलट्या घातलेल्या होडीपाशी बसले होते. त्यांनी तुकडा उजेडात धरला, तुटलेल्या बाजूवर नख ओढलं आणि विचारलं, "वैनी, ह्या दोनदा तुटला काय?"

"नाही हो. परवाच पहिल्यांदा तुटला."

"मग ही पिवळी साय कसली? ह्या कोनीतरी आधीच चिकटवलान हाय. बरेच महिने झाले आसतील. त्या जुन्या थरावर तुमी काय बी लावा, ता धरायचा नाय. आधी ता खरवडून काढा, दगड नीट सुकवा, मग लावा."

मी त्यांच्याकडचं होड्या सांधायचं रेझिन मागितलं, तर नको म्हणाले. होडीचा वास स्वयंपाकघरातून महिनाभर जायचा नाही, दोन नळ्यांचंच बरं, फक्त त्यात काळी रंगपूड मिसळा.

रिक्षात बसले आणि मनात हिशेब मांडायला लागले. कोणी चिकटवलं? हे चहाच्या कपापलीकडे ओट्याकडे जात नाहीत. मी चिकटवलं नाही. मग उरलं कोण? आणि मला गेल्या वर्षीचा जाऊबाईंचा अंगठा आठवला. मोदकांच्या दिवशी मी पुढच्या खोलीत पूजेची तयारी करत होते, जाऊबाई आत एकट्या होत्या. नंतर त्यांच्या अंगठ्याला पट्टी दिसली. विळी लागली म्हणाल्या. पण विळी तर सकाळपासून माझ्यापाशी होती, पुढच्या खोलीत, प्रसादाची फळं चिरायला! तेव्हा मी त्याचा विचारच केला नव्हता.

म्हणजे नियम करणाऱ्या बाईनेच ओट्यावर नारळ फोडला होता? मला हसू येत होतं आणि विश्वासही बसत नव्हता. बरं, त्यांनी चिकटवलं तर मला सांगितलं का नाही? आणि मी आता सांगायचं की गप्प बसायचं? घर आलं तरी ठरलं नव्हतं.

दुपारी ब्लेडने तुकड्यावरचा आणि कडेवरचा पिवळा थर खरवडला. थिनरने पुसलं. हेअर ड्रायर फिरवून दगड सुकवला. दोन नळ्या, काळी पूड, चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशीही ओट्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. या वेळी तुकड्याने धरलं. ओढून पाहिलं, फडका मारला, सुटला नाही. फक्त केसाएवढी रेघ राहिली, ती माहीत असलेल्यालाच दिसेल अशी.

मुंबईची मंडळी गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी आली. जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि पाणीही न घेता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी ओट्याच्या नेमक्या त्याच कडेवरून अंगठा फिरवला, एकदा वरून, एकदा खालून. खोटं सांगावं की खरं, कुणाचं खरं सांगावं, काहीच सुचेना.

"कुठलं लावलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन नळ्यांचं," मी म्हटलं. "वहिनी, तुम्ही?"

"ती क्षणात चिकटणारी." त्यांनी अंगठा पुढे केला. "कातडी निघाली होती माझी. वर्षभर जीव टांगणीला. फोनवर तुला विचारायचे, तर तू आपली तुटक 'बरा आहे' म्हणायचीस. वाटलं, तुकडा पडला, तुला कळलं आणि तू रागावलीस."

"मी रागावू? ओटा तुमचा, वहिनी!"

"माझा कसा? मी वर्षातले दहा दिवस येते. तुझ्यासाठी घातला होता तो. आणि मीच फोडून ठेवला. म्हणून तर ह्यांना म्हटलं, मला पडवीत वेगळा घालून द्या. तुझ्या ओट्याला पुन्हा हात लावायची माझी हिंमत नव्हती गं."