अंधेरीच्या अधिवेशनात दिलेला गुच्छ

चेंबूरच्या मैत्री पार्कला बसमधून उतरलो तेव्हा पाय सुजले होते आणि पाठ केलेलं भाषण निम्मं विसरलं होतं. भाषण कसलं, चार वाक्यं. मोबाईल विक्रेत्यांच्या राज्य संघटनेचं अधिवेशन अंधेरीला होतं आणि आम्हा कराडच्या दुकानदारांनी मला तिथे पाठवलं होतं. कंपन्या यापुढे अस्सल सुटे भाग संघटनेच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवाल्यांनाच देणार होत्या. ज्याचा गाळा असेल त्यालाच ही मान्यता द्यावी, असा ठराव येणार होता. आमच्याकडे बरेच दुरुस्तीवाले जिन्याखाली टेबल टाकून बसतात. वंदनाताई त्यांतल्याच. निघताना त्या म्हणाल्या, "दादा, गाळ्याची अट तेवढी काढायला सांगा. बाकी काही नको."

घाटकोपरला मावसभाऊ प्रदीपकडे अंघोळ उरकली. तो मला स्टेशनजवळच्या डोशाच्या गाडीवर घेऊन गेला. डोशावर लोणी, त्यावर लाल चटणी, त्यावर चीजचा ढिगारा.

"अरे, डोसा कुठे आहे यात?" मी विचारलं.

"भंकस नको ना यार, गप खा! आणि तिकडे काय बोलायचं ते पहिलं बोल. नाहीतर पाहुण्यासारखा हसत बसशील."

मेट्रोने मरोळ नाक्याला उतरलो आणि चुकीच्या बाजूने बाहेर पडलो. समोरच्या फुटपाथला जायला पुन्हा जिने चढलो. एका रिक्षावाल्याने हॉटेलचं नाव ऐकून मान फिरवली, दुसरा म्हणाला, "एवढ्याशा अंतराला रिक्षा? चालत जा ना साहेब." चालत गेलो. रस्ता खणलेला होता. हॉटेलात शिरेपर्यंत पांढऱ्या बुटांची वाट लागली होती.

छातीवर लावायला मिळालेल्या बिल्ल्यावर गाव लिहिलं होतं कोल्हापूर. "मी कराडचा," मी म्हणालो.

"तिकडचंच ते," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "पुढे चला, मागे लाइन आहे."

भाषणं सुरू झाली. सगळीच काही पोकळ नव्हती. मी एकट्याने कंपनीला फोन लावला, तर रेकॉर्ड केलेली बाई तासभर माझं बोलणं महत्त्वाचं असल्याचं सांगते. संघटनेने लावला, की कंपनीचा माणूस गाडीतून दुकानात येतो. सदोष मालाची एक अख्खी खेप संघटनेमुळेच परत गेली होती. म्हणून तर मी वर्गणी चुकवत नाही. पण ज्याच्याकडे गाळा नाही, तो वर्गणी भरायला तरी कुठल्या दाराने आत येणार? हेच मला बोलायचं होतं.

उपाध्यक्षांनी ठराव वाचला तो तिकीट तपासनीसासारखा, भराभर. लगेच निवेदक म्हणाले, "कराडच्या प्रतिनिधींनी मंचावर यावं." माझं नावही घेतलं. खरं सांगतो, एवढ्या मोठ्या सभागृहात स्वतःचं नाव ऐकून मला फार बरं वाटलं. बोलायलाच बोलावलं, असं समजून मी घसा खाकरत वर गेलो. कुणीतरी माझ्या हातात पुष्पगुच्छ कोंबला आणि उपाध्यक्षांकडे वळवलं. मी तो दिला. कॅमेऱ्याकडे पाहून हसलोसुद्धा. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाले, "कराडचं अनुमोदन, ठराव मंजूर!"

मी माइककडे वळेपर्यंत त्यावर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

जेवणाच्या रांगेत कार्यवाहांना गाठलं. "अहो, मला ठरावाला विरोध करायचा होता!"

"मग गुच्छ कशाला दिलात?"

"तुम्हीच माझ्या हातात दिलात!"

"आपल्यात गुच्छ देईल तो अनुमोदक. जुनी पद्धत आहे. मुद्दाम बाहेरगावच्यांना मान देतो."

"मग मी अनुमोदन मागे घेतो."

"पुढच्या अधिवेशनात घ्या. आत्ता जेवून घ्या, पनीर संपत आलंय."

जेवलो. तेही सांगून टाकतो. भांडून उपाशी निघून जायला हवं होतं, पण मी दोनदा गुलाबजाम घेतले.

कराडला परतलो, तर माझा फोटो आधीच सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. वंदनाताई जिन्याखाली एका फोनची काच बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुच्छ मोठा होता."

मी घडलं ते सगळं सांगितलं, कुठलीही सबब पुढे न करता. निदान तसा प्रयत्न केला.

"म्हणजे दादा, तुम्ही बोललाच नाही?"

"नाही."

त्यांनी काच दाबून बसवली, फोन बाजूला ठेवला. "बरं. गाळा तुमचा आहे ना? मग माझं टेबल उद्यापासून तुमच्या दुकानात."

दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरशेजारी त्यांचं टेबल लागलं. घरी बसून संघटनेला पत्र लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मला तासाभरात कळलं, कारण गिऱ्हाईक अंग तिरकं करून आत येतंय. संध्याकाळी जिन्याखालचे आणखी दोघे येऊन दुकान न्याहाळून गेले. आता माझ्याकडे जागा नाही, आणि नाही म्हणायला तोंडही नाही.