गल्लीतले पाचशे किलोमीटर

मोटरसायकल घरी आली तेव्हा सोमवारला आठ दिवस होते. त्या सोमवारी मला गारगोटीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू व्हायचं होतं. पन्नास किलोमीटर जाणं, पन्नास येणं. रोज स्वतःच्या गाडीवरून जायचं मी ठरवलं होतं. पप्पांची अट होती, नव्या इंजिनाचे पहिले पाचशे किलोमीटर शहरातच.

"पाचशे झाल्याबिगर गारगोटी न्हाय. तवर एसटी हाय की."

एसटीचा पास एकदा काढला की तोच कायमचा होणार, हे मला दिसत होतं.

पण नवं इंजिन चालवायचं कसं, हेच कळेना. शोरूममधले म्हणाले, चाळीसच्या वर जाऊ नका. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत होतं, एकाच वेगात फार वेळ राहू नका. पप्पा शिरोलीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं सिलिंडर आतून घासतात. ते म्हणाले, "इंजिनाला वजन लागतंय. नुसतं गोंजारलंस तर पिस्टनच्या रिंगा नीट बसत न्हाईत." आणि लगेच, "पर पळवू नको." मी सगळ्यांपुढे मान डोलावली.

मग आमच्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतून रोज फेऱ्या. थोडा वेग वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. मेडिकलच्या पायरीवर बसणाऱ्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी हात आडवा केला.

"कुणाचं घर शोधतीस गं?"

इंजिन, रिंगा, पाचशे किलोमीटर, एवढं सगळं अनोळखी माणसाला सांगायचं मला जमलं नसतं.

"डॉक्टर," मी म्हणाले.

"कसला?"

"दातांचा."

त्यांनी दुकानात हाक मारली. आतून दोघं हातातलं काम टाकून बाहेर आले, आणि तिघांनी मिळून मला डावीकडे वळवलं. मी वळेपर्यंत ते बघत होते. मग खरंच त्या दवाखान्याखाली दहा मिनिटं गाडी लावून उभी राहिले. इंजिन तरी गार झालं.

दुसऱ्या दिवशी, "काढला का दात?" तिसऱ्या दिवशी, "कंचा हाय?" मी गालाला हात लावला. चौथ्या दिवशीही लावला.

"काल उजवीकडं हुता की!"

गल्ली बदलून पाहिली, पण ते दिवसभर कुठल्या ना कुठल्या पायरीवर असायचेच.

रविवारी सकाळी मीटरवर तीनशे अठ्ठ्याण्णव होते. पप्पांनी उकिडवं बसून काच अंगठ्याने पुसली.

"शंभर कमी."

"गारगोटीला जाऊन आलं की होतात," मी म्हणाले.

ते उठले. "म्हंजे गारगोटीला जायाला आधी गारगोटीला जायाचं?"

"हो."

ते आत गेले. संपलं, असं वाटलं. बाहेर आले ते बूट घालून. "वजनबी लागतंय इंजिनाला," म्हणाले आणि मागे बसले.

वाटेत एका चढावर माझ्या पाठीवर थाप पडली. गाडी हळू करू की जोरात? मी आधी हळू केली, मग वाढवली. पुन्हा थाप. पुन्हा तेच केलं. गारगोटीत चहा पिताना धीर करून विचारलं.

"पाठीवरची बॅग सरकत हुती तुझी," ते म्हणाले. मग इंजिनाजवळ तळवा धरला आणि "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

परत राजारामपुरीत शिरलो तेव्हा पाचशेला एक कमी होता. घर मागे टाकून मी सरळ पुढे गेले. आजोबा पायरीवरून उठलेच.

"काय म्हणतोय दात?"

मी थांबले नाही. पुढची गल्ली, तिच्या पुढची. मीटरवर पाचशे आले. पप्पांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"उद्या सातला निघ," ते म्हणाले.

गाडी दारात लावली. ते उतरले, हेल्मेट काढलं, आणि जाता जाता वळले.

"दाताला काय झालंय तुझ्या?"