अक्कांनी शोधलेले, थांबणारे खेळ

वैदेहीचा फोन आला तेव्हा मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होतो. "मामा, आई गेली... सकाळी, झोपेतच." तिची आई, शांताअक्का, याच कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात माझ्या वरिष्ठ होत्या. मी खानापूरहून या कानडी शहरात नवा आलेला. मल्लेश्वरममधल्या या बाईंचं कन्नडमिश्रित मराठी ऐकलं आणि शहर पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्या कॉम्प्युटरवर एक जुना गेम खेळायच्या. शेती वाढवायची, किल्ला बांधायचा, चालून आलेलं सैन्य परतवायचं. आम्ही तिसऱ्या हल्ल्यातच गारद व्हायचो. अक्का मात्र एकही गाव न लुटता जिंकायच्या. आम्ही डबे विसरून बघत राहायचो.

निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. भेटायला गेलो तर म्हणाल्या, "प्रकाश, तो गेम शोधून दे." जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे हिंडलो, शेवटी नव्या कॉम्प्युटरवर चालणारी त्याची आवृत्ती इंटरनेटवर सापडली. अक्का डाव्या हाताने खेळायला बसल्या... पाच मिनिटांत किल्ला पडला. पुन्हा मांडला, पुन्हा पडला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्या मात्र पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मी हळू झाले, हा काही हळू होत नाही. आपली चाल होईपर्यंत थांबणारा असेल ना एखादा? स्वल्प, थोडं शोधूया."

मग कित्येक रविवार आम्ही तेच केलं. एकाची अक्षरं फार बारीक, दुसऱ्याला दोन्ही हात लागायचे, तिसऱ्यात नुसतीच मारामारी. अखेर एक नवा गेम सापडला, पाळीपाळीने खेळायचा. तुम्ही दिवसभर विचार करा, शत्रू जागचा हलत नाही. शेती तीच, किल्ले तेच. तीन महिन्यांनी अक्कांनी तो जिंकला, तोही एकही गाव न लुटता! मी टाळ्या वाजवत होतो आणि त्या म्हणत होत्या, "हा तिकडे न्यायला हवा."

तिकडे म्हणजे त्यांच्या फिजिओथेरपीच्या खोलीत. तिथे एक निवृत्त बसचालक यायचे. आजारपणापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. अक्कांनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "निधान, अण्णा. सावकाश. तुमची पाळी आहे." त्यांचं थरथरतं बोट बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. कोणीही मदत केली नाही. अक्कांनी करूच दिली नाही. बोट टेकलं, पडद्यावर शेत उगवलं आणि अण्णा मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत अक्कांचे मोठमोठे विजय पाहिले, पण असा अंगावर काटा कधी आला नव्हता.

गेल्या आठवड्यात वैदेहीबरोबर तिथे गेलो. खोलीत आता तीन कॉम्प्युटर आहेत. तिन्हींचे माउस डावीकडे ठेवलेले. एक तरुण मुलगी आली, माउस उजवीकडे घेऊन खेळली आणि उठताना तो पुन्हा डावीकडे ठेवून गेली. मी विचारलं, असं का? तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "इथे असाच ठेवतात."