धुराची गाळणी

आमच्या महेशचं लग्न सायलेन्सरमध्ये अडकलं होतं.

म्हणजे त्याच्या जुन्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये. तिथं धूर साफ करणारी एक जाळी असते, ती कामातून गेली होती. (असलं काही असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीत मत द्यायची सवय मात्र जुनी!) चावी फिरवली की ट्रक असा काळा धूर ओकायचा, की शेजारच्यांची दोरीवरची धोतरं घोंगडी होऊन घरात परतायची.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आष्ट्याची मंडळी घर बघायला येणार होती! मुलगी, सोनाली, आम्हाला पसंत होती. याआधी ‘शेतीवाला नको’ म्हणून महेशला इतके नकार आले होते, की पोरगं आरशात बघायचंही सोडून बसलेलं. या खेपेला मध्यस्थानं पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, "पोराची स्वताची गाडी हाय. ऊस वाहतुकीत लय नाव हाय तिचं!" म्हणजे गाडी बघितल्याशिवाय पाहुणे हलणार नव्हते.

"आई, नवी जाळी साताऱ्यासनं यायला येळ लागतोय," महेश म्हणाला. "बॅटरी उतरलीया म्हनू आनि गाडी बंदच ठेवू."

"व्हय! म्हंजी नवरदेवाचीच बॅटरी उतरलीया म्हनत्याल!"

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सीधी बात. जाळी खराब हाय, खरं सांगून टाकायचं."

"खरं सांगून कुनाचं लगीन जमलंय? तुमी घोरताय, हे सांगितलं व्हतं का मला कुनी?"

फौज मागं हटली.

मी तेव्हा तरुण होते. साठीच्या आसपास! अंगात हिंमत होती आणि डोक्यात भरपूर मोकळी जागा. रात्रभर कूस बदलताना त्या जागेत एक विचार शिरला. आमचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस कापडातून गाळला की घाण वर राहते, हे मी उभा जन्म बघितलेलं. मग धूर का गाळता येऊ नये?

पहाटे बापलेक आंघोळीपांघोळीत असताना मी घरातल्या सगळ्या तारेच्या घासण्या गोळा केल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि मुसळानं सायलेन्सरच्या नळीत गच्च ठासल्या. (मुसळ धुऊन ठेवलं. मी स्वच्छतेची फार भोक्ती!)

पाहुणे आले. सोनालीसुद्धा आली, हल्ली मुलीही घर बघतात. तिचे वडील कडक इस्त्रीचे, पांढरेशुभ्र. बैलाचे दात बघावेत तसे ते ट्रकचे टायर दाबून बघत मागं गेले आणि नेमके नळीसमोर उभे राहिले.

मी धावत आडवी गेले. "आवं पावणं, पोहे गार व्हत्यात!"

"व्हऊ द्या की. चालू करा बघू गाडी!"

महेशनं देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि... धूर नाही! एक कणसुद्धा नाही! महेश तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी पदर सावरून यांच्याकडे विजयानं पाहिलं. तेवढ्यात इंजिन गुदमरायला लागलं. खोकलं, हिसके देऊ लागलं.

"दाब, दाब की ॲक्सिलेटर!" पाहुणे ओरडले.

"नगं रं!" मी ओरडले.

महेशनं वडीलधाऱ्या पाहुण्यांचं ऐकलं.

धाडकन आवाज झाला! कावळे उडाले, म्हशीनं दावं तोडलं. यांच्या तोंडून निघालं, "हुकूम नसताना फायर कुनी केला?" काजळी ओसरली तसे पाहुणे दिसू लागले; आधी डोळे, मग दात. छातीवर आमच्या घासण्यांचा बोळा, एखादं पदक लावावं तसा.

महेशचा चेहरा पाहून मला रडूच फुटलं. "पावणं, पोराला कायबी ठाऊक न्हाई. बोळा म्या कोंबला. नकार द्याचा तर मला द्या!"

पाहुणे तोंड धुऊन, पोह्यांना हात न लावता गेले. जाताना सोनालीचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून मी आणखी रडले. दिवसभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. दावं तोडलेली म्हैससुद्धा पाठ करून उभी होती.

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. माझा धीर होईना, यांनीच उचलला. ऐकता ऐकता त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "होकार हाय! बाप न्हाईच म्हनत व्हता. पोरगी म्हनली, मला शानी, कडक सासू मिळंल ह्येचीच भीती व्हती. ती मिटली!"

लोक हुंडा बघतात, शेती बघतात, नोकरी बघतात. आमच्या महेशचं लग्न मात्र निव्वळ आईच्या अकलेवर जमलं. जरा जास्त असती, तर पोरगा अजून बिनलग्नाचाच राहिला असता!